इंग्रजीच्या तासाला मुलांच्या पदरात काय पडते?

मे महिना संपत आला की पेण आणि रोहा या दोन्ही तालुक्यांतील आईबापांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: मुलाला कोणत्या माध्यमात घालावे? धर्मग्रामातील कुटुंबे हा प्रश्न घेऊन धर्मगुरूकडेही येतात. फी किती, बस कोठपर्यंत येते, गणवेश कोठे मिळतो, हे सारे विचारून होते. एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. या शाळेतून चौथी उत्तीर्ण झालेले मूल, पूर्वी कधीही न पाहिलेली पाच इंग्रजी वाक्ये आपली आपण वाचून त्यांचा अर्थ सांगू शकते काय? आणि कोणी न सांगता, फळ्यावरून न उतरविता, स्वतःच्या मनातील दोन वाक्ये इंग्रजीत लिहू शकते काय?

माझा आरोप असा की, पालक हा प्रश्न विचारीत नाहीत म्हणून शाळा त्याचे उत्तर देण्याच्या भानगडीत पडत नाहीत. आणि शासन तो कागदावर विचारते व कागदावरच त्याचे उत्तर घेते. या तिघांच्या मूक संमतीने आपल्या मुलांची दहा-दहा वर्षे इंग्रजीच्या नावावर खर्ची पडत आहेत आणि अखेर त्यांच्या पदरात काय पडते, याचा हिशेब कोणीच मांडीत नाही.

आपल्याकडे वाद झाले नाहीत असे नाही. वाद पुष्कळ झाले. पण ते सगळे 'कधीपासून' याचे झाले. स्वातंत्र्यानंतरच्या काळात मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून सुरू होत असे. पुढे ती पाचवीवर आली. जून २००० पासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, ती मराठी शाळांतून पहिलीपासून शिकविली जाऊ लागली. तेव्हा दोन्ही बाजूंनी केवढा गदारोळ झाला होता! अलीकडे एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचा निर्णय झाला, त्यावर रान पेटले आणि जूनअखेर तो मागे घेतला गेला. या सर्व गदारोळात आठवी, पाचवी, पहिली, दोन भाषा, तीन भाषा अशी आकडेमोड झाली. पण त्या भाषेत मुलाला कोणत्या इयत्तेअखेर नेमके काय वाचता आणि काय लिहिता यावे, या प्रश्नावर एक तरी मोर्चा निघाल्याचे कोणाच्या स्मरणात आहे काय? गाडी कोणत्या स्थानकावरून सोडायची याचे भांडण आपण आयुष्यभर भांडलो. ती कोठे पोहोचवायची हे ठरविलेच नाही.

कोणी म्हणेल, ठरविले आहे की! खरे आहे, कागदावर ठरविले आहे. १९९० नंतरच्या दशकात 'किमान अध्ययन क्षमता' हा शब्द शिक्षकांच्या कानांवर इतका आदळला की त्याचा अर्थ झिजून गेला. २०१७ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने प्राथमिक स्तरासाठी 'अध्ययन निष्पत्ती' सिद्ध केल्या. आता त्या बालभारतीच्या पुस्तकांत क्रमांक घालून छापलेल्या असतात. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने 'निपुण भारत' अभियान सुरू केले. त्यातील पहिलीचे उद्दिष्ट मला मनापासून पटते, कारण त्यात एक शब्द फार मोलाचा आहे. मुलाला चार-पाच सोप्या शब्दांची वाक्ये वाचता आली पाहिजेत, पण ती 'अपरिचित' मजकुरातील. तिसरीअखेर मिनिटाला किमान साठ शब्द, तेही अर्थासह. हे उद्दिष्ट मुख्यत्वे मुलाच्या शिक्षणाच्या भाषेसाठी आहे. पण कसोटी कोणत्याही भाषेला लागू पडावी अशीच आहे. जे पाठ आहे ते म्हणून दाखविणे म्हणजे वाचन नव्हे. अपरिचित वाचता आले, तरच वाचता आले.

आता हा कागद बाजूला ठेवून वर्गात डोकावावे. शिक्षक धड्यातील एक वाक्य मोठ्याने वाचतात. मुले ते एका सुरात म्हणतात. शिक्षक मराठीत अर्थ सांगतात. धडा संपला की प्रश्नोत्तरे फळ्यावर लिहून दिली जातात. मुले ती सुवाच्य अक्षरात वहीत उतरवितात, वहीवर तांबड्या शाईची खूण होते, उत्तरे पाठ केली जातात आणि परीक्षेत तेच प्रश्न येतात. मुलाचे पाठ्यपुस्तक उघडून पाहावे, म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. इंग्रजी ओळींच्या वर पेन्सिलीने बारीक देवनागरी अक्षरांत उच्चार लिहिलेले असतात. मूल इंग्रजी वाचीत नसते, ते देवनागरी वाचीत असते. घरी आई कौतुकाने ऐकते आणि म्हणते, "आमचा बाळ्या फाडफाड इंग्रजी वाचतो." त्या माउलीला दोष कोण देईल? पण ज्यांना हे ठाऊक आहे आणि तरीही जे प्रगतिपुस्तकात 'उत्तम' असा शेरा मारतात, त्यांना दोष दिलाच पाहिजे.

पेणकरांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. गणपतीची मूर्ती साच्यातून निघते; एका साच्यातून शेकडो निघतात. पण डोळ्यांची आखणी साच्यातून होत नाही. तेथे कारागिराचा हातच लागतो, आणि आखणी होईपर्यंत मूर्तीला कोणी मूर्ती म्हणत नाही. आपल्या शाळांतून इंग्रजीच्या वह्या साच्यातून निघत आहेत. साठ मुलांच्या साठ वह्यांत 'माझी शाळा' हा एकच निबंध, त्याच दहा वाक्यांचा, त्याच क्रमाने. शाळा कौलारू असो वा तिमजली, निबंधातील शाळेभोवती सुंदर बाग असायचीच! त्या निबंधाला डोळे नाहीत. त्यात मुलाने पाहिलेले काहीच नाही.

आकडे पाहायचे असतील तर तेही उपलब्ध आहेत. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' या देशव्यापी ग्रामीण पाहणीत २०१६ साली पाचवीतील २४.७ टक्के मुलांना सोपी इंग्रजी वाक्ये वाचता येत होती. २०२२ साली हे प्रमाण २४.५ टक्के होते. म्हणजे सहा वर्षांनंतर आपण होतो तेथेच. आठवीत ते ४६.७ टक्के. याचा साधा अर्थ असा की, खेड्यांतील निम्म्याहून अधिक मुले चार-पाच शब्दांचे वाक्य वाचता न येता आठवीच्या वर्गात बसलेली असतात, आणि त्यांच्यासमोर पानपानभर लांबीचे धडे 'पूर्ण' केले जात असतात. पुढे दहावीची गंमत पाहा. भाषाविषयाची लेखी परीक्षा ८० गुणांची आणि शाळेच्या हातचे गुण २०. उत्तीर्ण व्हायला ३५ पुरतात. शाळेने सढळ हाताने १८ दिले की लेखीत १७ मिळविले म्हणजे झाले. अशा रीतीने इंग्रजीत 'पास' झालेल्या मुलाला आपण पेढे देतो, आणि अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात ते पोर मान खाली घालून बसते.

काही जण म्हणतील, एवढे काय बिघडले? खेड्यातल्या पोराला इंग्रजी वाचून करायचे काय? हे म्हणणाऱ्यांनी एकदा रोह्याजवळच्या धाटावच्या औद्योगिक वसाहतीकडे पाहावे. तेथील कारखाने प्रामुख्याने रसायनांचे. रसायनाच्या पिंपांवर धोक्याच्या सूचना बहुधा इंग्रजीत असतात. कंत्राटी कामगार म्हणून लागलेला आपला मुलगा दहावी उत्तीर्ण आहे. पण ही वस्तू पाण्यापासून दूर ठेवा, हे एवढे वाक्य त्याला वाचता येत नसेल, तर त्याच्या दहा वर्षांच्या इंग्रजीचे मोल काय? पेणच्या मूर्ती समुद्रापार जातात. बाहेरच्या गिऱ्हाइकाला, मूर्ती दोन फुटांची आहे, अमुक तारखेला पाठवू, असे चार ओळींचे पत्र स्वतः लिहिता आले तर मधला दलाल टळतो. बँकेचा अर्ज, औषधाचे वेष्टन, नेमणुकीचे पत्र, ज्यावर अंगठ्याऐवजी सही करायची तो करारनामा: ही आपल्या लोकांची इंग्रजी आहे. शेक्सपिअर पुढे येईल तेव्हा येईल. ही इंग्रजी येत नाही म्हणून माणूस फसतो, कधी जिवालाही मुकतो.

आणि सगळीच मुले दहावीपर्यंत पोहोचतात कोठे? आपल्या डोंगरपट्टीतील कातकरी वाड्या दिवाळीनंतर ओस पडतात. आईबाप वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, त्यांच्यामागे पोरेही जातात. पाचवीत सुटलेले, सातवीत सुटलेले मूल काय घेऊन जाते? येथे मला एका जुन्या विचाराची आठवण द्यावीशी वाटते. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात काम करीत असत. बंगालमधील द्वैभाषिकतेवरचा त्यांचा ग्रंथ १९२६ साली प्रसिद्ध झाला. बहुसंख्य मुले इंग्रजीचा अभ्यास अर्ध्यावरच सोडतात, हे त्यांनी पाहिले आणि त्यांनी विम्याच्या व्यवहारातील एक शब्द उचलला: सरेंडर व्हॅल्यू. विमा मध्येच मोडला तर हातात किती रक्कम पडते, हे आपण एजंटला विचारतोच. तसेच शिक्षण मध्येच सुटले तर मुलाच्या हाती वापरता येईल असे काय उरते, हे प्रत्येक वर्षापुरते विचारले पाहिजे, असे वेस्ट यांचे म्हणणे. त्यांनी मोजक्या, वारंवार लागणाऱ्या शब्दांची वाचनपुस्तके तयार केली आणि आधी वाचनाचा आग्रह धरला. कारण अर्धवट शिकलेले बोलणे लवकर विसरते, पण एकदा वाचता येऊ लागले की मूल शाळेबाहेरही स्वतःला शिकवीत राहू शकते.

त्या ग्रंथाला शंभर वर्षे होत आली आणि आपला अभ्यासक्रम अजूनही जणू प्रत्येक मूल पदवीधरच होणार, अशा थाटात आखलेला असतो. चौथीचे इंग्रजी हे पाचवीच्या इंग्रजीची तयारी, पाचवीचे सहावीची, आणि दहावीचे अकरावीची. ज्याचा पाय मध्येच निसटला त्याच्या हाती भोपळा.

मग ध्येये कशी असावीत? ती इतकी साधी असावीत की वाडीवरच्या आईलाही तपासता यावीत. दुसरीअखेर मुलाला शिक्षकांनी इंग्रजीत सांगितलेले साधे काम समजावे, आणि अक्षरांची नावे नव्हेत तर त्यांचे आवाज ओळखता यावेत. आपली देवनागरी प्रामाणिक आहे. जे अक्षर दिसते तेच बहुधा उच्चारायचे. इंग्रजीत अक्षरे २६ आणि ध्वनी सुमारे ४४. कॅट, केक, कार आणि बॉल या चार शब्दांत एकच 'ए' चार तऱ्हांनी बोलतो. हे मुलाला कोणी उलगडून सांगत नाही. एबीसीडीचे गाणे आले की वाचन आले, असे धरून चालतात. चौथीअखेर न पाहिलेली पाच वाक्ये वाचून त्यांचा अर्थ आपल्या बोलीत सांगता यावा, आणि स्वतःविषयी दोन-तीन वाक्ये मनाने लिहिता यावीत. त्यांत चुका असल्या तरी चालतील. सातवीअखेर एक पान न पाहिलेला मजकूर शब्दकोशाच्या आधाराने समजावा, आणि आठ-दहा ओळींचे खरे पत्र, खऱ्या माणसाला, लिहिता यावे. दहावीअखेर वर्तमानपत्रातील बातमी, सूचनापत्रक आणि अर्ज वाचता यावा, आणि गाईड न उघडता आपले म्हणणे एका पानात मांडता यावे. बस्स. यातील प्रत्येक ध्येय पाठ्यपुस्तकाबाहेरच्या मजकुरावर तपासावे. हीच त्यातील मेख आहे. पुस्तकातल्याच धड्यावर परीक्षा घ्यायची, तर पाठांतराची परीक्षा होते.

येथे पहिला आक्षेप ठरलेला: "फादर, म्हणूनच तर आम्ही मुलांना इंग्रजी माध्यमात घालतो." या समजुतीवर मला थोडे कठोरपणे लिहिले पाहिजे, कारण ती जोपासण्यात आपल्या ख्रिस्ती समाजाचाही वाटा आहे. 'कॉन्व्हेंट' हा शब्द आपण महाराष्ट्राला दिला आणि आज तो पत्र्याच्या शेडवरच्या फलकावरही दिसतो. ज्या घरात इंग्रजीचा शब्द नाही, ज्या शाळेतील शिक्षिकेलाच चार वाक्ये सलग बोलणे जड जाते, तेथे माध्यम इंग्रजी केल्याने इंग्रजी येत नाही. उलट इतिहास, भूगोल आणि विज्ञानही जाते. मूल सगळेच विषय न समजता पाठ करू लागते. घरात कोणी आगरी बोलतो, कोणी कातकरी. आपल्या कोर्लईच्या ख्रिस्ती कुटुंबांत तर पोर्तुगीजमिश्रित बोली आजवर टिकून आहे. या मुलांना प्रमाण मराठी हीच मुळात शाळेत शिकायची भाषा. ती पायरी गाळून त्यांना एकदम तिसऱ्या मजल्यावर उडी मारायला सांगणे, याला महत्त्वाकांक्षा म्हणत नाहीत.

न समजता म्हणण्याचे फळ काय, हे आपल्या श्रद्धावंतांना परक्याने सांगायला नको. आपल्या आजी-आजोबांनी जन्मभर लॅटिन मिस्सा ऐकली, लॅटिन उत्तरे बिनचूक दिली. त्यांच्या भक्तीविषयी मला आदरच आहे. पण ती भक्ती त्या शब्दांच्या अर्थातून आलेली नव्हती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविषयक संविधान संमत करून लोकभाषेची वाट मोकळी केली, ती याच जाणिवेतून. प्रेषितांच्या कृत्यांतील हबशी अधिकारी रथात बसून यशयाचे पुस्तक वाचीत होता. फिलिपने त्याला त्याच्या उच्चारांविषयी विचारले नाही. वाचतोस ते समजते का, एवढेच विचारले. जी चर्च उपासनेत हा धडा शिकली, तिच्याच शाळांनी इंग्रजीच्या वर्गात त्याचा विसर पडू द्यावा, हे मला क्लेशदायक वाटते.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा. मराठीचे काही कैवारी म्हणतात, इंग्रजीचे हे वेड मुळातूनच काढून टाका. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद मलाही आहे. पण शिडीने वर चढून गेलेल्यांनी खाली उभ्या असलेल्यांना शिडीचे तोटे सांगू नयेत. गरिबाच्या मुलाला इंग्रजी हवी आहे आणि त्याची ही मागणी न्याय्य आहे. प्रश्न एवढाच की, त्याला इंग्रजी द्यायची की इंग्रजीचा फलक द्यायचा.

शिवाय मराठी आणि इंग्रजी यांचे वैर कोणी लावून दिले? रोह्याच्या देशमुख घराण्यातील चिंतामणराव देशमुखांचे उदाहरण घ्या. १९१२ साली ते मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच पटकावली. १९१८ मध्ये लंडनला आय.सी.एस. परीक्षेत पहिले आले, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. आणि याच गृहस्थांनी कालिदासाचे 'मेघदूत' मराठी पद्यात आणले. पेण तालुक्यातील गागोदे गावी जन्मलेल्या विनोबांना कितीतरी भाषा अवगत होत्या. पण 'गीताई' त्यांनी मराठीत लिहिली, कारण त्यांच्या आईला गीता समजेल अशा भाषेत हवी होती. दोघेही असामान्य बुद्धीचे होते, हे मला मान्य आहे, आणि प्रत्येक मूल चिंतामणराव होणार नाही हेही कळते. पण पुढच्या भाषा त्यांच्या पहिल्या भाषेच्या पायावर उभ्या राहिल्या, एवढे तरी त्यावरून दिसावे. ज्या मुलाला मराठी परिच्छेद वाचून त्याचे सार सांगता येते, त्याला वाचन म्हणजे काय हे कळलेले असते. इंग्रजीत त्याला फक्त नवी लिपी, नवे शब्द आणि नवी रचना शिकायची असते. ज्याला मराठीतही ते येत नाही, त्याला दोन भाषांत निरक्षर ठेवण्याची व्यवस्था आपण चालविली आहे.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो मी सर्वांत सहानुभूतीने ऐकतो. दोन शिक्षकांनी चार-पाच इयत्ता सांभाळायच्या, वर अहवाल, सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे. त्यात पुस्तक संपले नाही तर वरून विचारणा. न पाहिलेले वाचायला शिकविण्यासाठी वेळ कोठून आणावा? हे दुखणे खरे आहे. म्हणूनच मी म्हणतो, ध्येये थोडी करा. वीस निष्पत्तींच्या तक्त्यात वीसही खुणा करणाऱ्या शिक्षकाला आपण खोटे लिहायला भाग पाडतो. दोनच ध्येये द्या, त्यांसाठी पुस्तकातले निम्मे धडे सोडण्याची मुभा द्या, आणि मुलांच्या वाचनासाठी प्रत्येक वर्गात पन्नास-साठ छोटी, चित्रांची पुस्तके द्या. आणि लिहिण्याच्या बाबतीत शिक्षकांनाही एक विनंती: मुलाच्या स्वतःच्या वाक्यातील प्रत्येक चुकीवर तांबडी शाई ओतू नका. ज्याने 'माझा बाप होडी घेऊन गेला' हे मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना मनाने लिहिले, त्याने उतरवून घेतलेल्या दहा शुद्ध वाक्यांपेक्षा अधिक कमाई केली आहे.

ख्रिस्ती बंधुभगिनींनो, शासन बदलेल तेव्हा बदलेल. पालकसभेत उभे राहणे आपल्या हाती आहे. येत्या पालकसभेत फी आणि बसच्या जोडीने हाही प्रश्न विचारा: आमच्या मुलाने या वर्षअखेर पुस्तकाबाहेरचे काय वाचलेले असेल, आणि मनाचे काय लिहिलेले असेल? उत्तर लेखी मागा आणि मार्चमध्ये ते पडताळून पाहा. आपल्या धर्मप्रांतीय आणि संघीय संस्थांच्या व्यवस्थापकांनाही माझे हेच आवाहन आहे. निकालाचे शेकडा प्रमाण फलकावर रंगविण्यापूर्वी आपल्या चौथीतील प्रत्येक मुलासमोर एक अपरिचित इंग्रजी परिच्छेद आणि एक अपरिचित मराठी परिच्छेद ठेवावा. किती मुलांना दोन्ही कळले, तो आकडा आधी स्वतः पाहावा, मग पालकांना दाखवावा. तो आकडा लहान असेल तर लाज वाटू द्यावी, पण लपवू नये. शाळेच्या कामाची सुरुवात त्या आकड्यापासूनच व्हायची आहे.